कर वाढवायचाय? आधी मला विचारा!

२०१०चा हिवाळा. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं कोलोरॅडो स्प्रिंग्ज हे सुमारे चार लाख वस्तीचं, सुखवस्तू शहर. मागे बर्फाची टोपी घातलेलं पाइक्स पीक हे चौदा हजार फुटांवरचं शिखर, गावात हवाईदलाची अकादमी, शेजारी लष्कराची मोठी छावणी. अशा या शहरात संध्याकाळी कामावरून घरी परतणाऱ्यांना रस्ते अंधारलेले दिसू लागले. चोवीस हजारांवर दिव्यांपैकी जवळपास एक तृतीयांश दिवे पालिकेनं बंद करून टाकले होते.

लोडशेडिंग म्हणावं तर तसं काही नव्हतं. वीज मुबलक होती, खांब शाबूत होते, बल्बही शाबूत होते. नव्हते ते फक्त पैसे!

दिव्यांपाठोपाठ बागांची पाळी आली. हिरवळीला पाणी घालणं कमी झालं, बागांमधल्या कचरापेट्या उचलून नेल्या गेल्या. गवत वाढलेलं बघवत नसेल तर घरचं यंत्र घेऊन या आणि स्वतःच कापा, असं नागरिकांना सुचवण्यात आलं. संध्याकाळच्या आणि शनिवार-रविवारच्या बसगाड्या थांबल्या. पोलिसांची हेलिकॉप्टर्स विक्रीला निघाली. दिव्यांच्या बाबतीत तर पालिकेनं कमालच केली. आपल्या गल्लीतला दिवा हवा असेल तर ठरावीक रक्कम भरा आणि तो दत्तक घ्या! आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २००९मध्ये मालमत्ता कर वाढवायला ठणकावून नकार देणाऱ्या या शहरात आता आपल्या दारातल्या दिव्यासाठी चेक फाडणारे निघाले. तांब्याच्या तारा चोरणाऱ्यांना मात्र अंधारातल्या खांबांनी आयतीच संधी दिली.

श्रीमंत देशातल्या एका चांगल्या शहरावर ही वेळ का आली? मंदी हे एक कारण होतंच. पालिकेची मदार विक्रीकरावर होती आणि मंदीत दुकानांची विक्री घसरली. पण मंदी अमेरिकेतल्या सगळ्याच शहरांवर आली होती. कोलोरॅडो स्प्रिंग्जची गोष्ट सांगायची तर ती एका माणसापासून सुरू करावी लागते.

लॉस एंजेलिसचा वकील

त्या माणसाचं नाव डग्लस ब्रूस. १९४९ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्म, तिथंच कायद्याचं शिक्षण आणि सरकारी वकील म्हणून काही वर्षं नोकरी. पुढे घरं विकत घेऊन भाड्यानं देण्याच्या धंद्यात त्यानं जम बसवला. घरमालक म्हटला की मालमत्ता कराशी गाठ पडणारच. १९७८ साली कॅलिफोर्नियात करविरोधाची मोठी लाट उसळली होती. हॉवर्ड जार्विस नावाच्या वयोवृद्ध कार्यकर्त्यानं थेट मतदारांकडून ‘प्रपोझिशन १३’ मंजूर करून घेतलं आणि मालमत्ता कराला एक टक्क्याचं कुंपण घातलं. सामान्य नागरिक सह्या गोळा करून सरकारचे हात बांधू शकतो, हे त्या लाटेनं अमेरिकेला दाखवून दिलं.

१९८६ साली ब्रूस कोलोरॅडो स्प्रिंग्जला मुक्कामाला आला आणि कामाला लागला. १९८८ साली त्यानं राज्यघटनेच्या दुरुस्तीचा प्रस्ताव मतदारांपुढे नेला. हरला. १९९० साली पुन्हा नेला. पुन्हा हरला, पण थोडक्यात. १९९१ साली स्वतःच्या शहरात तसाच नियम मंजूर करून घेतला आणि १९९२च्या नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा राज्यासमोर उभा राहिला.

कोलोरॅडोचे तेव्हाचे गव्हर्नर रॉय रोमर या प्रस्तावानं इतके हादरले होते, की त्याच्याविरुद्धच्या लढ्याची तुलना त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या ‘बॅटल ऑफ द बल्ज’शी केली. मतदार ढिम्म हलले नाहीत. सुमारे ५४ टक्के मतांनी ब्रूसचा प्रस्ताव मंजूर झाला. त्याच मतपत्रिकेवर शाळांसाठी विक्रीकर वाढवण्याचा प्रस्ताव होता, तो मात्र पडला. गंमत म्हणजे त्याच दिवशी कोलोरॅडोनं अध्यक्षपदासाठी कौल दिला तो डेमोक्रॅटिक पक्षाच्या बिल क्लिंटन यांना!

कायदा की कुलूप?

या दुरुस्तीला ‘टॅक्सपेअर्स बिल ऑफ राइट्स’, म्हणजे करदात्यांच्या हक्कांची सनद असं भारदस्त नाव आहे. बोलताना सगळे ‘टेबर’ म्हणतात. तिचा पहिला नियम साधा आहे. राज्य असो, पालिका असो की शाळांचं मंडळ. नवा कर लावायचा किंवा जुना वाढवायचा, तर आधी मतदारांची परवानगी घ्यायची. निवडून आलेल्या आमदारांनी किंवा नगरसेवकांनी एकमतानं हात वर केले तरी उपयोग नाही. प्रश्न कसा विचारायचा तेही ब्रूसनं घटनेतच लिहून ठेवलं. राज्याचे कर दरवर्षी इतक्या डॉलर्सनी वाढवावेत काय, अशीच सुरुवात हवी आणि तीही ठळक, मोठ्या अक्षरांत. मुलांचं भवितव्य, सुरक्षित रस्ते वगैरे गोड शब्द नंतर, आकडा आधी. जाहिरातीच्या युगात असा रोखठोक नियम करणाऱ्या माणसाला मतदाराची नस कळली होती, हे मान्य करावंच लागेल.

आपल्याकडे पाणीपट्टी वाढली की आपण चिडतो, पेपरात पत्र लिहितो आणि भरतो. कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही, असं आपल्या राज्यघटनेचं २६५वं कलम सांगतं, पण तो कायदा करणार आमदार-खासदार. सार्वमत म्हटलं की आपल्याला आठवतो तो १९६७चा गोव्याचा जनमत कौल आणि तोही महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही एवढ्यापुरता. कोलोरॅडोचा मतदार मात्र दर नोव्हेंबरला लांबलचक मतपत्रिका घेऊन बसतो आणि एकेका कराला हो किंवा नाही म्हणतो.

टेबरचा दुसरा नियम जास्त अवघड आणि जास्त परिणाम करणारा. सरकारचं उत्पन्न वर्षाला किती वाढू द्यायचं याला त्यात मर्यादा आहे. महागाई जितकी वाढली आणि लोकसंख्या जितकी वाढली तितकंच. त्यावर एक डॉलर जास्त जमला तरी तो लोकांना परत करायचा. कर न वाढवता, नुसत्या भरभराटीनं तिजोरी भरली तरीही!

नव्वदच्या दशकात कोलोरॅडोत नवे उद्योग आले, माणसं आली, पगार वाढले. १९९७ ते २००१ या काळात राज्यानं तीन अब्ज डॉलर्सच्या वर रक्कम लोकांना परत केली. सरकार आपल्याला पैसे परत देतंय, याचा आनंद कुणाला होणार नाही? ब्रूसचे समर्थक आजही या काळाकडे बोट दाखवतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सरकारवर लगाम असूनही राज्य मागे पडलं नव्हतं. उलट आलेला प्रत्येक डॉलर खर्च करायची राजकारण्यांची खोड मोडली होती.

पण भरभराट कायम टिकत नाही. घरातलंच उदाहरण घेऊ. एखाद्या कुटुंबाची कमाई शंभर रुपये आहे. एका वर्षी धंदा बसला आणि कमाई पंच्याऐंशीवर आली. पुढच्या वर्षी धंदा पुन्हा शंभरावर गेला. आपण म्हणू, चला, गाडी रुळावर आली. टेबर म्हणतं, तसं नाही. महागाई आणि माणसं मिळून चार टक्के वाढ धरली, तर पंच्याऐंशीचे फार तर अठ्ठ्याऐंशी रुपये चाळीस पैसे होतात. तेवढेच ठेवा, बाकीचे परत करा. म्हणजे वाईट वर्षात खाली आलेली पायरीच पुढच्या वर्षी पहिली पायरी ठरते. २००१ नंतरच्या मंदीत कोलोरॅडोचं नेमकं हेच झालं.

त्यात आणखी एक मेख होती. त्याच मतदारांनी २००० साली दुसरी एक घटनादुरुस्ती मंजूर केली होती. शाळांचा खर्च दरवर्षी महागाईपेक्षा एक टक्का जास्त वाढलाच पाहिजे, अशी. एका हातानं तिजोरीला कुलूप आणि दुसऱ्या हातानं खर्चाचा हुकूम! दोन्हीच्या मधल्या चापात सापडली ती कॉलेजं. त्यांना मिळणारा सरकारी पैसा आटला आणि विद्यार्थ्यांची फी चढत गेली. शेवटी २००५ साली बिल ओवेन्स या रिपब्लिकन गव्हर्नरांनी, म्हणजे एके काळच्या टेबरच्या समर्थकानंच, मर्यादा पाच वर्षं शिथिल करा अशी विनंती मतदारांना केली. ५२ टक्क्यांनी ती मान्य झाली. ब्रूसच्या लेखी ही चक्क गद्दारी होती.

गावोगावच्या पालिका आणि शाळांची मंडळंही आपापल्या मतदारांकडे जाऊन, जास्तीचा पैसा आम्हाला ठेवू द्या, असं विनवत होती. बहुतेक ठिकाणी लोकांनी होकारही दिला. या प्रकाराला कोलोरॅडोत नाव पडलं ‘डी-ब्रूसिंग’. जिवंतपणी आपल्या नावाचं क्रियापद झालेलं पाहायला मिळणारी माणसं जगात थोडीच असतील, मग ते क्रियापद आपलं काम उलटवण्याचं का असेना!

आमदारकीचे दिवस

इतकी वर्षं विधिमंडळाच्या बाहेरून त्याला वेसण घालणारा हा गृहस्थ २००८ साली चक्क आमदार झाला. त्याआधी २००४ साली तो आपल्या परगण्याच्या कारभारी मंडळावर निवडून आला होता. तिथला पगार तो स्वतःच स्थापलेल्या संस्थेला देत असे. या संस्थेचं पुढे काय झालं ते येईलच. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या मतदारसंघाची प्रतिनिधिगृहातली एक जागा मुदतीच्या मध्येच रिकामी झाली आणि रिपब्लिकन पक्षाच्या समितीनं ती भरायला ब्रूसला निवडलं.

आता हा माणूस सभागृहात जाऊन आपली बाजू मांडेल, चार मित्र जोडेल, निदान अंदाजपत्रकाची चिरफाड तरी करील, अशी त्याच्या चाहत्यांची अपेक्षा असणार. पण ब्रूसनं पहिल्याच दिवसापासून भलतंच प्रकरण उभं केलं. आमदारकीच्या मुदतीची मर्यादा चुकवता यावी म्हणून त्यानं अधिवेशन सुरू झाल्यावर काही दिवसांनी शपथ घ्यायचं ठरवलं. तो दिवस उजाडला १४ जानेवारी २००८ला. सकाळची प्रार्थना चालू होती. एका वृत्तपत्राचा छायाचित्रकार समोर गुडघे टेकून त्याचा फोटो घेत होता. ब्रूसनं त्याच्या गुडघ्यावर लाथ मारली!

प्रार्थनेच्या वेळी फोटो काढणं असभ्यपणाचं आहे, असं त्याचं म्हणणं. माफी मागायला त्यानं साफ नकार दिला. दहा दिवसांनी सभागृहानं ६२ विरुद्ध एक अशा मतांनी त्याच्या निषेधाचा ठराव केला. कोलोरॅडोच्या विधिमंडळाच्या इतिहासात एखाद्या आमदाराचा असा निषेध होण्याची ही पहिलीच वेळ. ६२मध्ये त्याच्या स्वतःच्या पक्षाचे आमदारही होते, हे वेगळं सांगायला नको.

एप्रिलमध्ये कळस झाला. शेतांवर मजूर मिळत नव्हते. मेक्सिकोतून हंगामी मजूर आणायला राज्य सरकारनं शेतकऱ्यांना मदत करावी, असं विधेयक सभागृहापुढे होतं. सरकारनं आणखी एक काम अंगावर का घ्यावं, हा ब्रूसचा प्रश्न वाजवी म्हणता आला असता. त्याचे मुद्दे कुणी ऐकूनही घेतले असते. पण बोलताना त्यानं त्या मजुरांना अडाणी खेडवळ म्हणून हिणवलं. सभागृहात गलका झाला आणि अध्यक्षस्थानावरच्या महिला आमदारानं त्याचं भाषण तिथंच बंद पाडलं. करांविषयी आणि सरकारी योजनांविषयी त्याला जे सांगायचं होतं, ते त्याच्या तोंडानंच गिळून टाकलं.

मेमध्ये अधिवेशन संपलं. ऑगस्टमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत मार्क वॉलर या माजी लष्करी अधिकाऱ्यानं त्याला हरवलं. सारं राज्य ज्याच्या नियमानं चालत होतं, त्याला त्याच्याच मतदारसंघातल्या, त्याच्याच पक्षाच्या मतदारांनी घरी बसवलं. नियम मात्र त्यांनी ठेवला.

पावसावर कर

आमदारकी गेली म्हणून ब्रूस गप्प बसला नाही. रस्त्यावरचं पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी कोलोरॅडो स्प्रिंग्जची पालिका घरटी शुल्क घेत असे. हा कर नाही, शुल्क आहे, म्हणून मतदारांना विचारायची गरज नाही, असा पालिकेचा युक्तिवाद. टेबर आल्यापासून कोलोरॅडोत कराला शुल्क म्हणण्याची कला चांगलीच बहरली होती. ब्रूसनं त्याला ‘रेन टॅक्स’, पावसावरचा कर असं नाव ठेवलं आणि २००९च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांकडून त्यावर घाला घातला. मालमत्ता करवाढ पडली ती याच निवडणुकीत. नंतरच्या हिवाळ्यात दिवे गेले.

मतदार मूर्ख होते, असं म्हणून मोकळं होता येणार नाही. पालिकेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. आधी उधळपट्टी थांबवा, मग मागा, ही भावना आपल्याकडच्या कोणत्याही शहरातल्या करदात्याला समजेल. पण २०१० साली कर आणि सरकारी कर्जं आणखी आवळणारे तीन प्रस्ताव राज्यापुढे आले तेव्हा त्याच मतदारांनी तिन्ही मोठ्या फरकानं फेटाळले. या प्रस्तावांच्या मागे ब्रूसचाच हात असल्याचं चौकशीत पुढे आलं. इतका ताण लोकांनाही नको होता.

डिसेंबर २०११मध्ये तर सगळ्यांवर कडी झाली. करचुकवेगिरी आणि खोटं विवरणपत्र भरल्याच्या आरोपाखाली ज्यूरीनं ब्रूसला दोषी ठरवलं. परगण्याचा पगार ज्या संस्थेला दिला जात होता, त्या संस्थेमार्फत त्यानं उत्पन्न लपवलं, असा ठपका होता. शिक्षा झाली १८० दिवसांची, प्रत्यक्षात तो १०४ दिवस तुरुंगात होता. परिवीक्षेच्या अटी मोडल्याबद्दल २०१६ साली त्याला पुन्हा तुरुंगात जावं लागलं. राजकीय सूडापोटी आपल्याला अडकवण्यात आलं, असं तो सांगत राहिला.

माणूस असा. पण त्याच्या नियमाचं काय?

करवाढीला मतदारांनी नेहमीच नकार दिला असं नाही. शाळांसाठी प्राप्तिकर वाढवायचा मोठा प्रस्ताव २०१३ साली जवळजवळ दोन तृतीयांश मतांनी आपटला, २०१८ साली तसाच दुसरा आपटला. पण २०२० साली सिगारेट आणि निकोटिनच्या इतर पदार्थांवर कर लावून बालवाड्या चालवायच्या का, असं विचारलं तेव्हा होकार आला. २०२२ साली वर्षाला तीन लाख डॉलर्सहून जास्त मिळकत असणाऱ्यांच्या सवलती कापून सगळ्या शाळांत मुलांना मोफत जेवण द्यायचं का, यालाही होकार आला. कर दुसऱ्यानं भरायचा असला की होकार सोपा जातो, असं कुणी म्हणेल. पैसा कशावर जाणार ते स्वच्छ सांगितलं तर लोक देतात, असंही कुणी म्हणेल. कोलोरॅडोत हा वाद अजून मिटलेला नाही.

काही वेळा तर नियमानं तारांबळच उडवली. गांजाची विक्री कायदेशीर झाल्यावर २०१३ साली मतदारांनी त्यावर कर मंजूर केला. पण पहिल्या वर्षाचे राज्याचे अंदाज चुकले, म्हणून टेबरच्या तरतुदीप्रमाणे सहा कोटी साठ लाख डॉलर्स परत करायची पाळी आली. लोकांनीच लावलेला कर ठेवून घ्यायला २०१५ साली लोकांकडेच पुन्हा परवानगी मागावी लागली. मिळाली.

इतर राज्यांत टेबरची लागण झाली नाही. ओरेगॉन, नेब्रास्का, मेन, वॉशिंग्टन, जिथं जिथं असा प्रस्ताव मतदानाला आला तिथं तो पडला. कोलोरॅडोतल्या काही आमदारांनी आणि इतरांनी २०११ साली न्यायालयात धाव घेतली. करांचा अधिकारच काढून घेतल्यावर आमदारांचं सरकार उरतं कुठं, असा त्यांचा सवाल होता. दहा वर्षं कज्जा चालला आणि २०२१ साली तो निकालात निघाला. टेबर जागच्या जागी राहिलं. २०१९ साली परतावा बंद करून पैसा शाळा-रस्त्यांना द्यावा असं विचारलं, तेव्हाही मतदार नाही म्हणाले.

कोलोरॅडो स्प्रिंग्जचे दिवे पुन्हा लागले. २०१५ साली नवे महापौर जॉन सदर्स यांनी रस्त्यांवरचे खड्डे बुजवायला विक्रीकरात डॉलरमागे एका सेंटहून कमी वाढ मागितली, ती पाच वर्षांपुरती आणि फक्त रस्त्यांसाठी. ६५ टक्के लोकांनी हो म्हटलं. पावसाचं पाणी मात्र कुणाच्या परवानगीसाठी थांबलं नव्हतं. नाले नीट नसल्याबद्दल केंद्र सरकारनं २०१६ साली शहराला न्यायालयात खेचलं. २०१७ साली पालिका पुन्हा मतदारांपुढे गेली आणि ब्रूसनं उडवलेलं ते पावसाच्या पाण्याचं शुल्क मतदारांनी स्वतःच्या हातानं परत आणलं.

आणि परताव्याचा चेक? तोही चालूच राहिला. २०२२ साली तिजोरी मर्यादेबाहेर भरली. तेव्हाचे गव्हर्नर जेरेड पोलिस डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे ज्या पक्षानं तीस वर्षं टेबरला विरोध केला त्या पक्षाचे. त्यांच्या सरकारनं माणशी साडेसातशे आणि जोडप्याला दीड हजार डॉलर्सचे चेक नेहमीपेक्षा लवकर, ऑगस्टपासूनच घरोघरी पाठवायला सुरुवात केली. त्याला ‘कोलोरॅडो कॅशबॅक’ असं छान नावही दिलं. ब्रूसचा उल्लेख कुठंच नव्हता. गव्हर्नरपदाची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती. पोलिस सहज निवडून आले.